दिवसाचं अक्षर

भद्रकालीत पिशवीला गाठ मारताना
इलियासभाईंनी बजावलं होतं,
नळाचं पाणी नको, बोअरचंच द्या.
ज्या पाण्यानं आमच्या गिझरची कॉइल खाल्ली,
नळांच्या तोंडाला पांढरी खपली धरली,
तुरीची डाळ कधी धड शिजू दिली नाही,
त्या पाण्यात हे सुखानं नांदतात.
बारा. अंगठ्याच्या पेराएवढे.
अंगावर बारीक पट्टे, जुन्या गादीच्या खोळीसारखे.

शंख मात्र इथलेच.
नांदूर मधमेश्वरच्या काठावर
करकोच्यांनी गोगलगायी खाऊन टाकलेली रिकामी घरं
ओढणीत बांधून आणली, कुकरात उकळली.
सासरे म्हणाले, आता या कुकरात भात लावू नकोस.
लावला.
त्यांनी खाल्ला.

माझी रक्तपेढीत रात्रपाळी, आठवड्याला चार.
उरलेल्या रात्रीही डोळा लागत नाही,
म्हणून रात्र माझ्याकडे, दिवस अण्णांकडे.
रजिस्टर एकच, लाल कापडी पुठ्ठ्याचं.
छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांवरचे नंबर तपासलेला माणूस;
त्यांचा नऊ कधी एकासारखा दिसत नाही.

'सकाळी ९.१५. मधल्या शंखातली वाळू उपसते.
तोंडात घेते, चार बोटं लांब जाऊन थुंकते.
११.००. अजून उपसते.
११.४०. थोरल्यानं ती सगळी वाळू
परत तिच्या दारात आणून टाकली.
दुपारी २. वाद. कल्ले फुगवले.
मी मध्ये पडलो नाही.'

माझ्या नोंदी तोकड्या.
टॉर्चला लाल जिलेटिन, श्वास काचेपासून लांब.
रात्री पट्टे विरतात.
थोरला कुणाच्याही शंखाला टेकून
वाळूवर पोट ठेवून असतो.
ज्या हद्दीपायी दिवसभर भांडला
ती अंधारात त्यालाही आठवत नाही.
मधल्या शंखात कुणीतरी पर हलवतं.
ते दिसत नाही. दाराशी वाळूचे दोन कण
उठतात, बसतात, उठतात.
त्यावरून ओळखायचं, आत अंडी आहेत.

जानेवारीत थंडीनं काच घामेजली
तेव्हा त्यांचे अकरा, माझे एकोणीस.
एक नोट कमी भरली तर पाळी सुटायची नाही आमची,
म्हणत अण्णांनी ताट सारलं
आणि स्टूल ओढून बसले काचेसमोर.
पिल्लं धरलीच नव्हती त्यांनी,
रव्याच्या कणाएवढी, नुसते डोळे.
चष्मा बदलला. मोजून मोजून एकोणीस झाले.
दुसऱ्या दिवशी बावीस. संध्याकाळी सतरा.
मग आयुष्यात पहिल्यांदा
त्यांनी आकड्यापुढे 'सुमारे' लिहिलं,
आणि तो शब्द दोनदा गिरवला.

परवा पाळीवरून आले.
पाथर्डी फाट्यावर दुधाचे टेम्पो, बोटं बधिर.
रजिस्टर उघडलं तर रात्रीच्या रकान्यात
दिवसाचं अक्षर:
'३.१०. मधलीचा पर चालू.
३.३०. चालू.
४.०५. चालू.'
चहा देताना मी विचारलं नाही.
ते पेपर वाचत होते,
आदल्या दिवशीचा.

आज सुट्टी.
साडेतीनला नोंदीसाठी उठले.
हॉलमध्ये हवेच्या पंपाची घरघर,
अण्णा स्टुलावर, टॉर्चशिवाय,
पाठ माझ्याकडे, शाल अर्धी फरशीवर.
ओठ हलत होते. मोजत असतील.
मी दारातूनच मागे फिरले.

उजाडल्यावर माझ्या रकान्यात लिहिलं:
३.३०. एक जण बाहेर.
दिवा लावला नाही.