दहापैकी

जानेवारीत ग्वाल्हेरला सूर्य
अकराच्या आधी कामावर येत नाही.
आला की जनकगंजातल्या आमच्या गच्चीवर
मफलर सैल होतात, गजकचा डबा उघडतो
आणि जहाजाचा विषय निघतो.

सात जण गेलो होतो, थंडी चुकवायला.
मतं मात्र चौदा घेऊन आलो.

शितूत म्हणतात, चहा म्हणजे
कोमट पाण्यात लोंबकळणारी पुडी.
पण खाणं सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत,
हे ते दर वेळी सांगतात
आणि दर वेळी एखादा तास वाढतो.
हेमलता तेलंगांनी बाल्कनीचे जास्तीचे पैसे भरले,
समोर पाहावं तर नुसतं पाणी.
"पाणीच बघायचं तर आपला तिघरा काय वाईट होता?"
डॉक्टर मुळ्यांना रुपेरी कार्ड मिळालं:
पुढच्या खेपेला दोन शर्ट फुकट धुऊन,
चढताना वेगळी रांग.
पुढची खेप होणार नाही, गुडघे आहेत.
त्या कार्डाने ते मागच्या दाराची
अडकलेली कडी सरकवतात.
म्हणतात, सवलत वसूल.

मी बिनखिडकीची खोली घेतली होती. स्वस्त.
दिवा मालवला की दिवस नाही, रात्र नाही,
खालून फक्त एक घरघर,
रजाईत मांजर शिरलं असावं तशी.
मला आवडली.
हे मत मी गच्चीवर मांडत नाही.

खोली आवरायला दीवान यायचा. बागेश्वरचा.
विसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता,
आता वर्षातले आठ महिने त्याच्यावरच.
रोज टॉवेलचा एक प्राणी करून ठेवायचा:
हंस, माकड,
तिसऱ्या रात्री हत्ती, माझा चष्मा घातलेला.
विचारायचा, तुमच्याकडे कोहरा किती पडतो?
मी सांगायची, हात पुढे केला तर
बोटं उसनी आणल्यासारखी वाटावीत, इतका.
हसायचा.
त्याच्या गावी त्या आठवड्यात बर्फ होतं,
गाय व्यायची होती,
आई शेगडी घेऊन गोठ्यात निजत होती.

शेवटच्या रात्री फॉर्म आला.
सेवा: दहापैकी किती?
दीवान दारातच उभा राहिला,
हातातल्या चादरींकडे बघत म्हणाला,
"मॅडम, जमलं तर दहा द्या.
नऊ म्हणजे आमच्यात नापास धरतात."

एकतीस वर्षं मराठी शिकवलं मी लश्करात.
दहापैकी दहा कोणालाच दिले नाहीत.
एखादी वेलांटी, एखादा अनुस्वार, काहीतरी सापडतंच.
पोटच्या मुलीलाही नाही.
ती नागपूरहून फोन करते तेव्हा
अजून त्या निबंधावर येते.

मी विचार केला. खरंच केला.
माकडाचा एक कान सुटला होता.
नऊ लिहिले.
पुढे माझ्या चांगल्या अक्षरात: उत्तम.

काल कंपनीला फोन लावला.
आधी यंत्रातली बाई म्हणाली, तक्रारीसाठी नऊ दाबा.
मग वाद्यं वाजली, मध्येमध्ये लाटा.
मग एक मुलगा म्हणाला, नोंद बंद झाली आहे,
बदल करता येणार नाही,
आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
दीवानचं आडनाव काय, तेही त्यानेच विचारलं.
मला ठाऊक नव्हतं.

आज कोहरा दुपार झाली तरी हलला नाही.
गच्ची रद्द.
किल्ला नाही, तेलंगांची पाण्याची टाकी नाही,
दूधवाल्याचा भोंगा तेवढा,
बंदरात शिरताना देतात तसा, लांबलचक.
मी पलंगावर टॉवेल पसरला.
दोन्ही कडा आत, घट्ट गुंडाळी, उलटी दुमड, कान.
त्याला चष्मा चढवला, म्हणून मलाच धड दिसेना.
सोंड दोनदा पडली.
मग अख्खा हत्तीच
सावकाश एका कुशीवर झाला.

सहा, म्हटलं.
तेही टॉवेल स्वच्छ होता म्हणून.