गेले नाहीत, ताई

शाहूपुरीत, स्टेशनमागच्या गल्लीत
आमचं लॉज. तीन मजले, लिफ्ट दुसऱ्यापर्यंत.
रात्रपाळीला मी असतो. नाव धैर्यशील,
पण छातीवरच्या पट्टीत एवढं मावलं नाही
म्हणून नुसतं धैर्य.

पहाटे साडेचारला त्या उतरल्या,
परभणीहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं. पद्मिनी खिल्लारे,
सोबत लेक, लेकीच्या खांद्याला लांबडी पेटी.
मी विचारलं, सतार काय?
ती म्हणाली, रायफल.

दोन रात्रींचे बत्तीसशे, वर अनामत दोन हजार.
बाईंनी कार्ड दिलं दोन्ही हातांनी,
प्रसाद द्यावा तसं.
दहा हजारांची मर्यादा, तीही मुदत ठेवीवर मिळालेली.
मशीननं जांभई दिली, चिठ्ठी निघाली.

दुपारी त्या परत आल्या. मी घरी गेलोच नव्हतो,
बदलीचा माणूस यायचा होता.
दुकानात भाड्याचं जाकीट, छर्रे, सगळे मिळून साडेसहा हजार,
आणि कार्ड नाही म्हणालं.
'माझे बावन्नशे गेले?'

गेले नाहीत, ताई.
'मग आहेत?'
आता काय सांगू.
सहा वर्षं सांगतोय लोकांना, दर वेळी जीभ अडखळते.
मलाही मालक सहा वर्षं म्हणतोय,
कायम करतो, कागद तयार आहेत.

म्हटलं, हे बघा,
अंबाबाईला जाताना चपला कुठं ठेवता?
स्टॅण्डवर. बिल्ला मिळतो.
चपला तुमच्याच. कुणी विकल्या नाहीत,
कुणी घालून फिरत नाही.
फक्त तुमच्या पायात नाहीत.
तुम्ही जाताना बिल करू तेव्हा जेवढं झालं तेवढंच कापू,
उरलेलं सुटेल.

त्यांनी ऐकून घेतलं.
मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,
'पण एप्रिल आहे, धैर्य.
फरशी तापलीये.'

याला उत्तर नव्हतं माझ्या ट्रेनिंगमध्ये.
कार्डात अठ्ठेचाळीसशे शिल्लक, सतराशे कमी.
ते मी दिले. गल्ल्यातले नव्हेत, माझे.
त्या हातातली बांगडी काढायला लागल्या,
मी हात मागे घेतला.
एकाच माणसाचं
किती म्हणून धरून ठेवायचं?

पोरगी सहावी आली. चौघींना घेतात.
पायऱ्यांवर बसून तिनं पेटी पुसली,
कुणाशी बोलली नाही,
मग गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्याली
आणि मिशी न पुसता परत आली.

जाताना बिल झालं बत्तीसशे चाळीस.
चाळीस चहाचे.
उरलेले सोडल्याची चिठ्ठी मी समोरच काढली.
'म्हणजे आत्ता आले?'
बिल्ला मी परत दिलाय, ताई.
पण स्टॅण्डवरचा पोरगा जेवायला गेलाय.
'कोण पोरगा?'
बँक.
'किती वेळ जेवतो?'
सात दिवस. मध्ये रविवार आला तर हात धुवायला वेळ लागतो.

हसल्या. ट्रॅव्हल्सच्या काचेतून हात केला.

तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर सतराशे आले.
त्यांचे अजून यायचे होते. मी विचारलं,
एवढी घाई का केली?
उत्तर आलं नाही.

रोज संध्याकाळी मशीनजवळची चिठ्ठी काढून बघायचो,
जणू माझ्या बघण्यानं बँक लवकर आचवेल.

नवव्या रात्री, अडीच वाजता,
नवा गिऱ्हाईक समोर उभा,
पैसे कापले का म्हणून विचारतोय,
आणि फोन वाजला:

चपला मिळाल्या.

मग थोड्या वेळानं, खाली:
एक अंगठा कमी आहे.
चाळीस रुपयांचा.
चहा मात्र चांगला होता.