मागच्याला सांग

परुळ्याच्या सड्यावर ऑक्टोबरात
गवत हातभर उंच, पिकून तांबूस,
जांभ्याच्या भेगांत अजून थोडी ओल.
टॉवरच्या काचेतून पश्चिमेला समुद्राची पट्टी,
पूर्वेला सह्याद्रीवर दुपारपासून चढत गेलेला एक ढग,
फुलकोबीसारखा.
हा शब्द मला लॉगबुकात लिहिता येत नाही.

हादऱ्यांना आमच्याकडे तीनच शब्द:
लाइट, मॉडरेट, सीव्हिअर.
कॉफी हलली, कॉफी सांडली, कॉफी छताला,
असं ट्रेनिंगमध्ये निफाडकर सरांनी शिकवलं
आणि हसले नाहीत.
माझ्या बापसाकडे वाऱ्याला पुष्कळ शब्द होते.
खारा, मतलई, दखणी,
आणि काही असे, जे आई घरात बोलू द्यायची नाही.

तीन पंचावन्नला पहिलं विमान टेकलं.
टेकलं म्हणजे आपटलं, उसळलं, पुन्हा टेकलं.
थांबल्यावर पायलट बोलला,
आवाज इतका कोरडा, जणू बांगड्याचा भाव सांगतोय:
तीनशे फुटांवर वेग वीस नॉटनी पडला.
मॉडरेट. नाही, सीव्हिअर लिही.
मागच्याला सांग.

मागचा अकरा मैलांवर. चौसष्ट माणसं.
सड्यावर ऊन लख्ख, रनवे तव्यासारखा,
आणि माझ्यासमोरचा काटा अजून म्हणत होता
वारा पश्चिमेचा, बारा नॉट, विशेष काही नाही.
पण रनवेच्या टोकाची वाऱ्याची पिशवी
एकदा रिकामी लोंबली,
दोरीवर वाळत घातलेल्या बाहीसारखी,
आणि भरली ती उलटी, शेपूट समुद्राकडे.

मतलई. भर दुपारी.

मी सात वर्षांची होते.
निवतीच्या पुळणीवर बापूस कमरेइतक्या पाण्यात उभा,
डोक्याचा टॉवेल सोडून हवेत फिरवत होता,
घसा फुटेस्तोवर ओरडत होता.
तो स्वतः नुकताच आत आला होता, होडीची फळी गेलेली,
कोपरातून रक्त.
आई म्हणाली, आधी घराक चला.
तो वळलाही नाही.
"मागे गिरपांची होडी आसा."

मी बटण दाबलं.
दोन-सात-चार, पुढच्या विमानाचा रिपोर्ट, लिहून घ्या.
फूट, नॉट, वेळ, दिशा.
फुलकोबी नाही, टॉवेल नाही, कोपर नाही.
"सीव्हिअर" तेवढा मी जरा सावकाश उच्चारला,
माझी भर एवढीच.

मग हेडफोनमध्ये शांतता.
ती मोजायला इथं यंत्र बसवलेलं नाही.
चार सेकंद असेल.
कॉकपिटमध्ये कुणीतरी कुणाकडे तरी बघितलं असेल.
"मिळालं. मोपाला जातो."
ठिपका दक्षिणेकडे वळला,
आणि मला कळलं की मी डाव्या हाताने
टेबलाची कड धरून ठेवली होती.

खाली दारापाशी कल्लोळ.
अबोलीचा वळेसर हातात धरलेली एक बाई
गार्डला विचारत होती,
"इतक्या लखलखीत ऊन पडलां, आणि इमान गोव्याक कित्याक?"
गार्डने बोट वर केलं, टॉवरकडे.
तिनं वर बघितलं.
मी काचेपासून मागे सरले नाही,
पण सरावंसं वाटलं.

ढग फुटला तो कुडाळच्या पलीकडे.
इथं थेंब नाही.
गवत तेवढं आडवं झालं, पूर्वेकडून पश्चिमेला,
सबंध सडा एका बाजूला भांग पाडल्यासारखा,
आणि दहा मिनिटांनी तेही उठून उभं राहिलं.
पुरावा म्हणून काही उरलं नाही.
लॉगात वेळ दहा अठ्ठावीस लिहिली.
आमचं घड्याळ इथलं नसतं.
एक ओळ: विंडशिअर, एक विमान वळवलं.

संध्याकाळी फोन.
"मतलई आज दुपारीच सुटलो."
"बघलंय."
"मागच्याक सांगलंस?"
"सांगलंय."
पलीकडे थोडा वेळ नुसता समुद्र.
"मगे बरा. येताना मीठ हाड."