घ्या, निमजे

नागभीडकडून छोट्या लाइनीची गाडी यायची, तेव्हाची गोष्ट.
एक ट्रंक, एक कंदील, जवसाच्या चटणीची बरणी,
एवढं घेऊन नवे मुन्सफ उतरले.
दुपारच्या चहापर्यंत बाररूमने सगळं खणून काढलं:
गाव कोणतं, गावाची कोणती बाजू,
फागू कोतवालाचा पोरगा म्हणे,
ज्याच्या डफड्यावर पंचक्रोशीला जप्तीची तारीख कळायची.
साहेबांच्या कानावर ते गेलंच.
ते पंख्याकडे पाहून म्हणाले,
"घ्या, निमजे."

मी स्टेनो. माझं काम घेणं.
पहिला निकाल मीच घेतला, तीन कार्बन लावून:
सायत्राबाई विरुद्ध तिचा दीर मुखरू गुरनुले.
वाद धुऱ्यावरच्या एका मोहाच्या झाडाचा.
अमीनाचा नकाशा टेबलावर, वीज गेलेली,
एका कोपऱ्यावर कंदील ठेवलेला.
झाड मुखरूच्या हद्दीत. दावा खर्चासह नामंजूर.
'खर्चासह' म्हणण्याआधी साहेब जरा थांबले होते.
शॉर्टहँडमध्ये थांबण्याला खूण नाही.

मग गोंदिया, पुसद, अकोला.
मी इथेच. मशीन बदललं, खुर्ची नाही.
नागपूरच्या खंडपीठावर त्यांचं नाव लागलं
तेव्हा त्याच बाररूमने पेढे वाटले.
तिथे त्यांनी काय काय लिहिलं ते कायद्याच्या जाड पुस्तकांत आहे,
मी वाचलेलं नाही.
एकदा कामानं गेलो, लांबून पाहिलं:
दगडी व्हरांडा, पुढे चांदीच्या काठीचा चोपदार,
मागे काळा झगा, अंगाला थोडा मोठाच.
चेंबरमध्ये मला बसवून म्हणाले,
"बाबा तहसीलदाराच्या पुढे असाच चालायचा, निमजे.
काठी बांबूची होती.
रोज वाटतं, या माणसाला नावानं हाक मारावी,
म्हणावं, बाजूनं चल.
चार वर्षं झाली. नियमात बसत नाही."

निवृत्त झाले त्याच चैत्रात एसटीनं आले,
गुडघा धरून उतरले, रात्री माझ्याकडे अंबाडीची भाजी खाल्ली
आणि पहाटे चारला मला उठवलं.
"त्या झाडाकडे जाऊ."
बोडीच्या पाळीवर दम खायला थांबले तेव्हा सांगितलं:
नकाशा उलटा धरला होता.
उत्तर खाली होती. अमीनानं बाण काढला होता,
बारीक, पेन्सिलीनं.
दुसऱ्या वर्षी भलत्याच एका दाव्यात
तसाच बाण दिसला आणि पोटात खड्डा पडला.
"अपिलाला तिच्याकडे पैसे नव्हते.
आणि सही झाली की न्यायाधीशाचा हात
त्या कागदापुरता तुटतो."

झाड होतं. खालची जमीन झाडून लख्ख,
आणि कमरेत वाकलेली सायत्राबाई मोह वेचत.
मुखरू गेला कधीच,
त्याची पोरं बल्लारशाला, कागदाच्या गिरणीत.
साहेबांनी चष्मा पुसला. पूर्ण नाव सांगितलं,
दाव्याचा क्रमांक सांगितला, साल सांगितलं.
म्हणाले, माझं चुकलं.

"मोह का कागद वाचून पडते का जी?"
ती म्हणाली. साहेबांना हलकं वाटलं असावं.
मग बऱ्याच वेळानं, वर न पाहता,
"चवदा सालं मुखऱ्यानं पाय नाई ठेऊ देल्ला.
पोरीच्या लग्नाच्या साली तं फूल सुदिक नाई."

साहेब धुऱ्यावर बसले.
फुलं पडत होती, दोन्हीकडे,
टप, आणि मग कितीतरी वेळ काही नाही, आणि टप.
"घ्या, निमजे."
माझ्या खिशात वाण्याची चिठ्ठी. तिच्या पाठीवर घेतलं:
दिवाणी दावा क्रमांक एक्केचाळीस,
पक्षकारांची नावं, आजची तारीख.
पुढे ते थांबले.
थांबलेलेच होते, तेव्हा सायत्राबाईनं टोपली सरकवली:
"बसलेच आहा तं येचा."

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे.
एका बाजूला ते,
दुसऱ्या बाजूला पाव किलो गूळ, चहापत्ती, काडीपेटी.