आठ मीटर, बारा मिनिटं

माझ्याकडे तीन पुठ्ठे होते.
हिरव्यावर पाच, पिवळ्यावर दोन,
तांबड्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
तांबडं दिसलं की माणसाला कळतं.

तार्तूचं विद्यापीठ, फेब्रुवारी,
चार वाजताच खिडकीतला उजेड मळायला लागलेला.
मी पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर,
हातात प्रयोगशाळेतलं घड्याळ.
सकाळपासून सहा जणांना थांबवलं होतं.
हेलसिंकीच्या एक बाई तर
आभार मानायचे राहूनच खाली उतरल्या.

मग हिल्लर ओयासो उभे राहिले.
वय अठ्ठ्याहत्तर, कोटाच्या कोपरांना ठिगळं.
त्यांना सांगायचा होता दलदलीचा एक गाभा:
आठ मीटर, काळाभोर, शेवाळावर शेवाळ चढलेलं,
वर्षाला एक मिलिमीटर.
आठ हजार वर्षं,
बारा मिनिटांत.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.
मिनिटाला सहाशे सासष्ट, वर थोडी.
त्यांनी घोटभर पाणी प्यायलं, एक शतक गेलं.
चष्मा पुसला, दोन राजवटी.

आणि सुरुवात कुठून, तर
गाभ्याच्याही आधीपासून, बर्फ वितळला तिथून.
नमनालाच घडाभर तेल.
बर्चच्या परागकणावर चार मिनिटं.
कुठल्याशा लव्हाळ्याच्या देठावर दोन:
"हा बघा, अजून हिरवट आहे,"
हे इतक्या मायेनं
की हिरवा पुठ्ठा वर करायचा मीच विसरले.

पिवळा दाखवला. त्यांनी मान हलवली,
रस्त्यापलीकडे ओळखीचं कुणी दिसल्यावर हलवतात तशी,
आणि पुढच्या थराकडे वळले.
तांबडा त्यांनी पाहिलाच नाही.
अध्यक्ष खाकरले.
मागे कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवलं.
पडद्यावर अजून दोन मीटर बाकी होते:
राईचे पहिले दाणे, जंगल जाळल्याची काजळी,
एका साथीनंतर ओस पडलेली शेतं,
आणि सगळ्यात वर
एक बारीक चौकट, बिननावाची.

काय करावं सुचेना.
हातातलं पेन मी समोरच्या पेल्यावर वाजवलं.
दोनदा. हलकेच.

ते शब्दाच्या मध्यावर थांबले.
दार उघडायला कुणी येणार असावं
तसा चेहरा झाला त्यांचा.
"आलो, लेइदा," म्हणाले,
कागद गोळा केले, एक खाली पडला,
तो उचलायला वाकले, आणि तसेच जाऊन बसले.
टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणालाच कळलं नाही.

माझं नाव केर्तू.
सभागृहात लेइदा नावाचं कुणी नव्हतं.

कॉफीच्या रांगेत त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीनं सांगितलं:
चाळीस वर्षं प्रत्येक भाषण
आधी स्वयंपाकघरात व्हायचं.
समोर एक बाई, पुढ्यात चहाचा कप,
वेळ संपली की चमचा वाजायचा.
गेल्या शरदात कप राहिला.

हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं अध्यक्ष हसत म्हणाले.
मी कार्यक्रमपत्रिका उघडली,
त्यात छापलेल्या गाभ्यावर
ती वरची चौकट मापपट्टीशी ताडून पाहिली.
सात सेंटिमीटर
आणि आठ मिलिमीटर.

पुढचा वक्ता तरुण होता, भरभर बोलत होता.
त्याला मी तांबडा दाखवला,
पण जरा उशिराच.