गाळी

माझं पाणी खारं. देवगडच्या जेटीवर
आधी पोहायला शिकले, मग पाढे.
म्हणून हिडकलच्या काठावर उभी राहून
मी जरा हसलेच.
भरती नाही, ओहोटी नाही,
लाट म्हणावी तर म्हशीनं मान हलवल्याएवढी.
बहिणीला म्हटलं, तळं ते. त्यात काय!

भीमशी अंबिगेरनं डोक्यावर पालथी घालून जी आणली
ती होडी नव्हे, बुट्टी होती.
भाकऱ्यांची असते तशीच गोल,
फक्त माणसांच्या मापाची,
बांबूची वीण, खालून खताच्या पोत्यांचं कातडं आणि डांबर.
मी विचारलं, हिची नाळ कुठली? पुढं कुठलं, मागं कुठलं?
शिवतेजनं, माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यानं, कानडीत विचारून सांगितलं :
जिकडं जायचं, तिकडं पुढं.

जॅकेट एकच, नारिंगी, चेन तुटलेलं.
ते माझ्या अंगावर चढवून त्यानं काथ्यानं आवळलं.
पोराच्या कमरेला गोडेतेलाचे दोन रिकामे कॅन.
त्याच्या स्वतःच्या कमरेला नुसता करदोडा.

"कुंद्रि," तो म्हणाला. बसले.
मग फोटोसाठी उठले.
"निंद्रब्याड्री!"
याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.
बुट्टी गर्रकन फिरली, सगळं आभाळ
माझ्या डाव्या कानाजवळून गेलं
आणि मी पुन्हा बसले, पोरासारखी, तळाला चिकटून.

मे महिना. पाणी उतरलेलं.
कुणाच्या तरी परड्यातले चिंचेचे खुंट
वीतभर पाण्याखाली तसेच उभे.
आमच्याकडे खडक फेसानं आपलं नाव सांगतो,
इथलं पाणी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.
भीमशी मात्र पाण्याकडे बघतच नव्हता.
पलीकडच्या माळावरचा एकटा निंब
आणि त्यामागचा मोबाईलचा टॉवर,
एकापुढे एक येईपर्यंत तो वल्हं मारी,
मग त्या रेघेवरून सरळ.
हे मला येत होतं.
बाबा देवळाचा कळस आणि सुरूचं झाड धरतात,
अगदी असेच, डोळे बारीक करून, बोलणं बंद.
तेवढ्यापुरतं मला तळं ओळखीचं वाटलं.

मग तो म्हणाला, "गाळी बरतैत्री."
गाळ. मी खाली वाकले.
हात कोपरापर्यंत बुडवला, बांबू मागितला,
जाणकारासारखी म्हणाले, आहे खरा, बराच आहे.
"गाळी! गाळी!"
परक्या माणसाशी सगळेच बोलतात तसा तो मोठ्यानं.
मीही मोठ्यानं : हो हो, गाळ, दिसतोय!
शिवतेजचे कॅन हसण्यानं एकमेकांवर आपटायला लागले.
"मावशी, गाळी म्हंजे वारं की गं!"

तेव्हा मान वर केली.
टॉवर नव्हता.
निंबाच्या जागी तांबड्या धुळीची भिंत,
कावळे आडवे चाललेले,
आणि पाणी, माझं ते मघाचं तळं,
अंगावर काटा आल्यासारखं.

घराकडे नाही, गाडीकडे नाही,
बहीण जिथे छत्री घेऊन ओरडत होती तिकडेही नाही.
जमीन जिथे सगळ्यात जवळ, तिकडे पुढं.
मी स्टीलच्या डब्याच्या झाकणानं पाणी उपसत होते
आणि एकही प्रश्न विचारत नव्हते.

काठ लागला तसं त्यानं बुट्टी उचलून
आम्हा तिघांवर पालथी घातली.
आत डांबराचा, मासळीचा, ओल्या पोराचा वास.
बाहेर वळवाची धूळ बांबूवर ताशा वाजवत होती.

बऱ्याच वेळानं भीमशीनं मराठी जुळवली :
"समुद्रात... गाळी?"
"गाळी," मी म्हणाले,
आणि बोट वर केलं.
ते बुट्टीच्या तळाला लागलं.
तळ अजून थरथरत होता.