नावाचा रकाना

तुर्भ्याची शाळा, संगणकाची खोली,
सहा यंत्रांपैकी दोन चालू.
नववीतली मृण्मयी मढवी चित्रांचे फोटो काढते,
मी कागदाचे कोपरे दाबून धरतो.
बोटं आली की ओरडते, "सर, परत!"

खाडीतल्या फ्लेमिंगोंचा गुलाबी
पडद्यावर राखाडी होतो.
पाचवीतला जुनैद रुसतो. त्याने तो
लाल रंगात दातांची पेस्ट कालवून केला होता.
मग आकड्यांशी झटापट:
रंगालाही इथं सहा अक्षरी नाव असतं.

एकशे चौदा चित्रं चढली.
एक अडलं.
दगडखाण, वाकलेली बाई,
तिच्याहून मोठी तिची पाण्याची बाटली.
सही नाही. मागे फक्त
दुधाचा हिशोब, मंगळवारी खाडा.

यंत्र म्हणतं, नाव भरा.
मृण्मयी म्हणते, "टिंब टाकू?"
मी हजेरीपट उघडतो. दिवाळीनंतर
सात नावांवर लाल रेघ.
मीच मारलेली.

"सर, ती अट काढता येते,"
म्हणत ती एक ओळ खोडते.
चित्र चढतं. खाली कोरी जागा.

मधल्या सुट्टीत मी
तेवढंच पान उघडतो,
कोणी भरून गेलंय का बघायला.